आईच्या पिशवीतला सेट

माझं माहेर महाडच्या पुढे, डोंगरातलं. तिकडे घरटी एक माणूस फौजेत असतो, त्यामुळे मुलाचे वडील रिटायर्ड सुभेदार आहेत एवढं ऐकल्यावर माझ्या वडिलांनी पुढचं काही विचारलंच नाही, मुलगा काय करतो हेसुद्धा आईने नंतर विचारलं. लग्न होऊन मी भाईंदरला आले, गोडदेवला, ती आजपर्यंत इथेच. स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात हिशेब बघते, त्यामुळे वाढवून सांगायची मला सवय नाही. जे झालं तेवढं सांगते, आणि जे मी स्वतः पाहिलं नाही ते विचारून घेतलेलं आहे.

तुम्ही नानांबद्दल विचारताय. नाना म्हणजे माझे सासरे. सिग्नलमध्ये होते, म्हणजे सैन्याचं वायरलेसचं खातं असतं त्यात. बंदूक कमी धरली आणि हेडफोन जास्त, असं स्वतःच सांगायचे. सगळी नोकरी लांब लांब, आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, गावी. दोन पोरं त्यांनी एकट्यांनी वाढवली. नाना सुट्टीवर यायचे ते फाट्यावर एसटीने, आणि आई त्या फाट्यावर जाऊन बसायच्या, गाडी कधी येईल त्याचा नेम नसायचा, तरी बसायच्या. पिशवीत एक नारळ, उतरल्या उतरल्या ओवाळून टाकायला. हे मला आईंनीच सांगितलेलं, त्यांना सगळं आठवत होतं तेव्हा.

रिटायर झाल्यावर फौजी माणसं सिक्युरिटीत लागतात, नानाही लागले, पण त्यांचं मन त्या वायरलेसमध्येच. मग परीक्षा देऊन हॅम रेडिओचं लायसन काढलं. म्हणजे हौस म्हणून घरातून वायरलेसवर बोलायचं, सरकारी परवानगीने, पैसे नाहीत काही नाहीत. हॉलच्या कोपऱ्यात मोठा सेट, गच्चीवर एरियल, आणि बाहेर न्यायला एक छोटा हातातला सेट. काय सांगू तुम्हाला, त्या एरियलवरून सोसायटीत किती बोलणी खाल्ली. वरचे शहाभाई यायचे, अंकल, आपके एरियल से मेरा टीवी हिलता है. नाना म्हणायचे, शहाभाई, आपका टीवी केबल पे है, वो आपके हिलाने से हिलता है. प्रकाश, म्हणजे आमचे हे, तेही बोलायचे, नाना, खिशात फोन आहे ना, मग हे भूत कशाला घरात. नाना म्हणायचे, फोनला टॉवर लागतो, मला मीच लागतो.

रोज सकाळी यांची हजेरी असायची. एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर सगळे यायचे, वसईचे, बोरिवलीचे, इकडे उत्तनजवळच्या डोंगरीचे परेरा काका, आणि आपापलं नाव देऊन सगळं ठीक आहे म्हणून सांगायचे. रविवारी कधीतरी ही म्हातारी माणसं फॉक्स हंट खेळायची. एकाने सेट झुडपात लपवायचा, तो नुसता चालू ठेवायचा, आणि बाकीच्यांनी आपल्या सेटवर त्याचा जोर बघत बघत तो शोधून काढायचा. प्रकाश म्हणायचे, लपाछपी खेळायला जातात नाना, डबा द्या बरोबर.

मग आईंचं विसरणं सुरू झालं. आधी गॅस, मग नावं, मग घर. आणि नानांनी काय केलं सांगते, जो माणूस आयुष्यभर घरी नव्हता, तो आईंना सोडून हलेना. आंघोळीचं पाणी काढून देणं, औषध, भरवणं. वेणीसुद्धा घालायचे, अगदी घट्ट, दोरखंड वळल्यासारखी, आई ओरडायच्या. दाराला वर उंचावर दुसरी कडी लावली, आईंचा हात पोहोचणार नाही अशी. हजेरीचा तो थोडा वेळ सोडला तर नाना त्यांच्याजवळच.

तो शुक्रवार होता, आमच्या कारखान्यांना सुट्टी असते म्हणून मी घरी. प्रकाश रात्रपाळी करून झोपलेले. सिलिंडरवाला येऊन गेला होता, आणि त्याच्यानंतर वरची कडी कोणी लावली नाही यावर आमच्या घरात आजही एकमत नाही. नाना कोपऱ्यात हेडफोन लावून हजेरीला बसलेले, मी स्वयंपाकघरात.

इतक्यात त्यांच्या फ्रिक्वेन्सीवर घरघर सुरू झाली. ती काय असते, तर कोणाच्या तरी सेटचं बोलायचं बटण चुकून दाबलं जातं, सोफ्यात नाहीतर गाडीत, आणि दाबलेलंच राहतं. मग इतर कोणाला त्या फ्रिक्वेन्सीवर बोलता येत नाही, आणि ज्याचं बटण दाबलंय त्याला ओरडून सांगितलं तरी ऐकू जात नाही, कारण त्याचा सेट बोलतोय, तो ऐकणार कसा. नव्या सेटमध्ये थोड्या वेळाने आपोआप तुटतं म्हणे, जुन्यात नाही. असं झालं की या लोकांचा रिवाज ठरलेला. दोन शिव्या घालायच्या आणि सगळ्यांनी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जायचं. नानांनी तेच केलं. मी आतून ऐकतेय, कोण गाढव बटणावर बसलंय, लायसन काढून घ्या त्याचं. त्यावर तिकडून परेरा काका म्हणाले, हे मला नंतर कळलं, सुभेदारसाब, कोनाची तरी बायको बसली असेल सेटवर. आणि नाना हसले, खूप मोठ्याने हसले, ते हसणं मला स्वयंपाकघरात ऐकू आलं.

मी आईंना पेज घेऊन गेले तर खोलीत कोणी नाही. संडासात नाही, गॅलरीत नाही. चपला नाहीत, दार नुसतं लोटलेलं. कापडी पिशवी खुंटीवर नाही. फळीवरचा नारळ नाही, आणि शेजारी चार्जरवर नानांचा छोटा सेट असतो, तिथे नुसता चार्जर. मी हॉलमध्ये येऊन एवढंच म्हटलं, नाना, आई नाहीत घरात, आणि तुमचा छोटा सेटपण नाही.

नानांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. हात सेटकडे गेला, पहिल्या फ्रिक्वेन्सीवर परत आले, हेडफोनची वायर उपटली, आवाज मोठा केला. खसखस, खसखस, कापड घासल्यासारखं. त्यात मोटारीचा घरघराट. आणि मग खोकला. आईंचा खोकला. दोनदा कोरडा आणि मग, हरी रे.

घरघर सुरू होऊन अर्धा तास तरी झाला असेल, ज्या बटणावर सगळे हसत होते ते हे होतं.

मी प्रकाशला उठवलं. ते बनियनवरच बाहेर आले, म्हणाले, चला नाना, आधी पोलीस चौकीत. नाना म्हणाले, तू जा, फोटो घेऊन जा, मी इथून उठत नाही. प्रकाशचा आवाज चढला, आई हरवलीय आणि तुम्ही रेडिओ ऐकत बसणार? नाना मान वर न करता म्हणाले, तिलाच ऐकतोय. प्रकाश शर्ट चढवत तसेच गेले, दार एवढ्या जोरात आपटलं की शहाभाई खाली आले.

आम्ही ऐकत होतो. बाई बोलत होत्या कोणीतरी, कोळीवाड्याकडच्या, आजीला बसाया दे गो, उतरायचं कुठं हाय तिला ठावं न्हाय वाटतं. बसची घंटी. नाना म्हणाले, उत्तनची बस. मला विचारलं, सुनंदा, काल सेट चार्जिंगला कधी लावला मी? मला ठाऊक नव्हतं, त्यांनाही आठवेना. सेट ऐकत असला की बॅटरी दिवसभर पुरते, पण बोलत राहिला की झपाट्याने उतरते. बॅटरी गेली की आई गेल्या, हे त्यांनी बोलून नाही दाखवलं, पण मला हिशेब कळतो. मधेच आई बोलल्या, आपल्याशीच, अहो, उशीर झाला का हो? नानांच्या हातात माइक होता, त्यांनी तो तोंडापर्यंत नेला आणि परत खाली ठेवला. बोलून उपयोग नव्हता, तिकडे ऐकूच जाणार नव्हतं.

बसचा आवाज बंद झाला. मग नुसता वारा. आवाज बारीक होत चालला, डोंगराच्या पलीकडे उतरल्या असणार. नानांनी परेरा काकांना फोन लावला, परेरा, ते बटण आमच्या घरचं आहे. काका म्हणाले, सुभेदारसाब, माझ्याकडे सिग्नल फुल येतोय, ती इकडेच आहे, तुम्ही निघा, मी टेरेसवर जातो.

रिक्षा केली. आमचं गोडदेव पूर्वेला, पश्चिमेला जायला रेल्वेवरचा पूल ओलांडायचा, पुलावर गर्दी, मी रिक्षावाल्याला सारखी म्हणतेय, भैया जल्दी, तो म्हणतोय, उड़ के जाऊँ क्या. नानांकडे त्यांचा अजून एक जुना सेट होता, तो कानाशी धरून बसले होते. आवाज परत मोठा होत गेला तसा त्यांचा श्वास जोरात व्हायला लागला. मी म्हटलं, नाना, पाणी घ्या. घेतलं नाही.

डोंगरीच्या स्टॉपला उतरलो तर आई नाहीत. बसून राहिल्या असत्या तर दिसल्या असत्या. परेरा काका फोनवर, गावाच्या खालच्या अंगाला, समुद्राकडे, नक्की सांगता येत नाही. नाना म्हणाले, सुनंदा, सेटवर सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या पट्ट्या असतात, त्या मला नीट दिसत नाहीत, तू धर. सेट छातीला घट्ट लाव आणि स्वतःभोवती सावकाश फिर. पट्ट्या जिथे सगळ्यात कमी होतील तिथे थांब, मग ती तुझ्या पाठीमागे आहे. तुझं अंग मधे येतं म्हणून.

आणि मी भर रस्त्यात फिरायला लागले. साडी, केस सुटलेले, छातीशी तो डबा धरून गोल गोल. एक रिक्षावाला ओरडला, आंटी, गरबा अभी दूर है. नानांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो रिक्षा घेऊन पुढे गेला. पट्ट्या कमी झाल्या, मी थांबले. पाठीमागे एक उताराची वाट होती. त्या वाटेने चाललो, फाटा आला, परत फिरले, परत थांबले, डावीकडे. घरं संपली. पुढे खडक आणि पाणी दिसायला लागलं, भरती होती. तिसऱ्यांदा फिरत होते आणि आवाज तुटायला लागला. वारा, मग काही नाही, परत वारा, मग काहीच नाही.

नाना, गेलं.

नाना उभे राहिले. एवढा वेळ तो माणूस धावत होता, आता अगदी शांत. म्हणाले, शेवटच्या पट्ट्या कमी झाल्या तेव्हा तोंड कुठे होतं तुझं? मी दाखवलं. म्हणाले, मग त्याच्या उलट, सरळ, वळायचं नाही. खडकांवरून त्यांना चालता येत नव्हतं, माझ्या खांद्याला धरून येत होते, आणि त्यांच्या बोटांचे वळ दुसऱ्या दिवशीही माझ्या खांद्यावर होते.

बोंबील वाळत घालायच्या काठ्या असतात ना, त्या उभ्या होत्या ओळीने, आणि त्यांच्या सावलीत आई. मांडीवर पिशवी, शेजारी एक कोळीण पाण्याचा तांब्या घेऊन. तिने आम्हाला बघितलं, तुमचीच का ही? कवाची बसलीय. नाव इचारलं तर सांगत न्हाय, घो फौजेत हाय म्हनते, गाडी येनार हाय त्याची. मी पिशवी बघितली. सेट खाली आणि त्याच्या बटणावर बरोबर नारळ बसलेला.

आई उठल्या. आम्हाला कित्येक महिने नावाने ओळखलं नव्हतं त्यांनी. नानांना बघून डोक्यावर पदर घेतला, म्हणाल्या, आलात? किती दिवसांची सुट्टी?

नाना म्हणाले, आता परत जायचं नाही. कायमचा आलोय.

आई म्हणाल्या, मग ट्रंक कुठंय?

नाना म्हणाले, मागून येतेय.

नारळ त्यांनी ओवाळला आणि त्या खडकावर फोडला. कोळणीने खोबरं खाल्लं, मीपण खाल्लं, उभ्या उभ्या रडत.

दुसऱ्या दिवशी हजेरीला नानांनी सगळ्यांसमोर सांगितलं, कालचं बटण माझ्या घरचं होतं, मी माफी मागतो. परेरा काका त्या संध्याकाळी घरी आले, आईंसाठी केक घेऊन, आणि बराच वेळ नुसते नानांचा हात धरून बसले. प्रकाशने तो छोटा सेट परत चार्जरला लावला, तेवढंच. आमच्या घरात माफी अशीच मागतात.

त्यानंतरच्या वर्षी नाना गेले. हृदयाचं होतं, दोन दिवस दवाखान्यात. हजेरीत त्यांचं नाव तीनदा पुकारलं आणि उत्तराची वाट बघून थोडा वेळ सगळे गप्प राहिले, गेलेल्या माणसासाठी तसं करतात. दवाखान्यात मला म्हणाले होते, सुनंदा, क्रम चुकला, हिला आधी पाठवून मग मी निघायला पाहिजे होतं. मी म्हटलं, नाना, असं बोलू नये. तेव्हा म्हटलं.

आता आईंचं सगळं मीच करते. थकते, खोटं नाही सांगत. परवा माझंच ब्लड प्रेशर वाढलं, डॉक्टरांनी झोपवून ठेवलं, आणि तिथे पडल्या पडल्या माझ्या मनात जे आलं ते सांगते, लिहायचं तर लिहा. लोक देवाकडे घरच्यांसाठी आयुष्य मागतात. मी रोज दिवा लावते आणि मागते, आई माझ्या आधी जाऊ देत, एक दिवस आधी, पण आधी. त्या कुठे गेल्या तर त्यांच्या मागे निघणारं कोणीतरी शिल्लक राहिलं पाहिजे.