हवेला न चालणारं वार्निश

...आणि दुकानदार मला सांगतो, "विंको, ते वार्निश आता विकायला बंदी, त्याच्या वाफेनं हवा बिघडते." अरे बाबा, मी कॅलिफोर्नियात सॅन पेड्रोच्या धक्क्यावर चाळीस वर्षं लाकडी होड्यांना वार्निश मारतोय. समोर डोंगराएवढी जहाजं दिवसभर धूर ओकतायत, पलीकडे तेलाच्या कारखान्याची चिमणी पेटलेली, आणि हवा बिघडते कशानं, तर माझ्या डबाभर वार्निशानं? तर म्हणे, कायदा आहे. हवेसाठी हो, सगळं हवेसाठी.

बरं, वार्निश ज्या होडीसाठी हवं ती कुणाची, तर नेवेंकाबाईंची. नवरा आंते जानेवारीत गेला. दर वसंतात तो स्वतः वार्निश मारायचा, मधासारखी चमकायची होडी. आता रविवारी पाद्री बंदरात येऊन होड्यांना आशीर्वाद देणार, आणि बाईंचं एकच, "आंते असताना दिसायची तश्शी दिसू दे, विंको." त्या बाईला मी काय पाण्यातलं वार्निश फासून देऊ? कारण दुकानात आता तेवढंच मिळतं, पातळ दुधासारखं...

मग काय, ट्रक काढला, शेजारच्या राज्यात नेवाडा गाठलं, तिथे बंदी नाही. जाऊन-येऊन सहाशे मैल, मागे धुराचं शेपूट, कशासाठी, तर दोन डबे वार्निश. हवेसाठी हो. आणि परत येतो तर होडी ठेवलीय त्या यार्डाचा मालक फाटकातच उभा. "इथे डबा उघडलास तर माझा परवाना जाईल. घरी ने." घरी नेऊन काय सुनेच्या सोफ्याला लावू?

शेवटी घेतलं तेच दूध. पहिला हात मारतोय तोच बाई आल्या, शेजारी उभ्या राहिल्या. म्हटलं, आता रडणार. तर म्हणतात, "त्या वासानं माझा दमा उसळायचा, म्हणून आंते मला इथे फिरकूच द्यायचा नाही. वार्निश लावताना आज पहिल्यांदा पाहतेय."

आता रोज येतात. घडीची खुर्ची घेऊन. "विंको, तो कोपरा राहिला... विंको, आंतेनं ब्रश असा धरला नसता." त्यानं ब्रश कसा धरला, हे या बाईनं जन्मात पाहिलेलं नाही. आज पाचवा हात, अजून तीन बाकी.

आंते आयुष्यभर त्या वासाच्या वार्निशाला का चिकटून होता, ते मला आता कळलं.