कागदी धड

—नाही नाही, हात खाली नको सोडूस, मुंढ्यातली, काखेतली पट्टी अजून ओली आहे. टेकव माझ्या खांद्यावर, टेकव गं, माझा खांदा काही सोन्याचा नाही. आणि पोट आत ओढू नकोस. सगळ्याजणी ओढतात. श्वास रोखून उभ्या राहतात, मी त्या ओढलेल्या पोटावर कागद चिकटवते, आणि मग ड्रेस घट्ट झाला की दोष कुणाचा? शिंपिणीचा. जेवढी आहेस तेवढी उभी राहा. इथं मी आहे आणि ही जुनी वर्तमानपत्रं आहेत, आम्ही कुणाला सांगायला जात नाही.

गार लागतंय ना? खळ आहे, मैद्याची—चांगली कोमट करून आणली होती, बोलता बोलता निवली. माझं हल्ली असंच होतं, तोंड चालू राहतं आणि हातातलं निवून जातं. आता हा खाकी कागदाचा थर, म्हणजे खाली वर्तमानपत्र कुठं उघडं राहिलं ते लगेच दिसतं. कात्रीनं का नाही कापत पट्ट्या? कापलेली कड उभी राहते बाई, फाडलेली निजते. एवढंच काय ते ह्या कामातलं गुपित, बाकी सगळी कंबरदुखी. वाळलं की पाठीतून अंगातल्या बनियनसकट कापायचं, काढायचं, परत जोडायचं, काठीवर उभं करायचं—झालीस तू. मग जा खुशाल कुठंही नोकरीला, फोनवर सांग काय शिवायचं ते, मी तुझ्या धडावर शिवून पाठवीन.

हो, ती उभी आहेत ती सगळी धडं अशीच. ते डावीकडचं बँकेतल्या बाईंचं, सारखी बदली होते त्यांची. ते भरलेलं आहे ना, ते मुख्याध्यापिकाबाईंचं—त्याच्यात मी टाचण्या खोचून ठेवते, त्यांच्या कानावर घालू नकोस. ‘आमच्या घरात माणूस एक धड नाही, पण धडं बघा किती,’ असं आमचे हे म्हणतात, पाहुणा आला की हमखास. पाहुणा हसतो. मी नाही हसत आता, ऐकून ऐकून कानाला घट्टे पडलेत.

चादरीखाली होय—ते धाकटीचं. माझ्या बहिणीचं. नाही, चादर राहू दे. तीही तिकडेच असते, तू निघालीस त्याच शहरात. हो, मला ठाऊक होतं, तुझ्या आईनं सांगितलं होतं. म्हणून तर तुझं काम आधी घेतलं, नाहीतर माझ्याकडं किती पडलंय ते दिसतंयच—वळ जरा, पाठ कर इकडं.

धाकटी म्हणजे माझ्या हाताखालीच मोठी झाली. आईला शिवणाची आवड नव्हती आणि मला दुसरं काही येत नव्हतं. पहिलं काय शिवलं आयुष्यात, तर उशीच्या अभ्र्याचं तिचं झबलं. एक बाही लांब, एक आखूड. तेच घालून गल्लीभर मिरवली पोरगी. तेव्हापासून तिच्या अंगाला माझ्या हातचं सोडून दुसरं काही लागलं नाही—शाळेचा गणवेश, लग्नातला ब्लाउज, बाळंतपणातले सैल झगे. लग्न होऊन लांब गेली तेव्हा हे धड केलं. इतकी हसली, इतकी हसली, की ओला कागद बरगडीपाशी तडकला. तिथं ठिगळ आहे अजून. मी ओरडतेय हसू नकोस, आणि ती म्हणते, ‘ताई, तू मला डब्यात भरतेयस!’ मग वर्षानुवर्षं मी शिवायचं, पार्सल करायचं, आणि तिचा फोन—‘ताई, अंगावर बसलंय अगदी!’ दरवेळी तेच वाक्य. मला तेवढंच लागायचं. दुसरं कोण म्हणतं गं असं? गिऱ्हाईक चुकलं की बोलतं, बसलं की मुकाट घालून जातं.

मागच्या साली एक निळा कोट पाठवला. फोनवर दिसली कोट घालून, ‘बसलाय अगदी.’ आणि मी बघतेय—खांद्याची शिवण खांद्यावर नाही. दंडावर उतरलेली. मी म्हटलं, ‘हे काय?’ तर म्हणते, ‘धुण्यात सैल झाला असेल.’ मला सांगते! धुण्यात कापड आटतं गं. कापड नव्हतं सैल झालं—माणूस आटलं होतं.

पंखा लावते थांब. जवळ ये, पण पावलं उचलून नको, सरकत सरकत ये. हं.

गेले मग मी तिच्याकडं. न कळवता गेले. भावजींनी दार उघडलं आणि मला बघून त्यांचा चेहराच पडला, म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं, फक्त मला नव्हतं. आजार, औषधं, दवाखान्याच्या खेपा, सगळं माझ्यापासून लपवून. का, तर तिनंच बजावलं होतं म्हणे—‘ताईला कळलं तर ती टेप घेऊन येईल.’ गमतीनं म्हणाली असेल. पण टेप माझ्या पर्समध्ये होतीच. असतेच नेहमी, मी ती मुद्दाम नेली नव्हती, देवाशप्पथ नव्हती नेली.

दोन दिवस बरे गेले. मी डाळभात करून घालायची, तीही दोन घास खायची, आम्ही जुन्या गोष्टी काढून हसलोसुद्धा. पण माझं सगळं लक्ष तिच्या कपड्यांकडं. माझ्याच हातचे, आणि सगळे लोंबतायत, दोरीवर वाळत घातल्यासारखे. तिसऱ्या दिवशी दुपारी ती झोपली. मी शेजारी बसले होते. मनगट बाहेर आलं होतं चादरीच्या—म्हटलं एवढंच बघावं. मग दंड. मग म्हटलं खांदा कळला तर निदान एक तरी नीट शिवून पाठवता येईल—तिला उठवायचं कशाला, उगाच दमेल. हळूच टेप पाठीखालून घेतली आणि—

नाही, काही नाही. जागी झाली.

माझ्याकडं बघत राहिली. टेप तिच्या छातीवर होती. मला म्हणाली, ‘ताई, निजलेल्या माणसाचं माप कशाला घेतात, ठाऊक आहे ना तुला?’ मी म्हटलं, ‘अगं, गाऊनसाठी—’ तर म्हणे, ‘जा तू.’ आवाज नाही चढवला. आवाज चढवला असता तर मी भांडले असते, बसले असते ठाण मांडून. ‘जा’ म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून निजली. भावजींनी मला स्टँडवर सोडलं.

तेव्हापासून फोन घेत नाही. भावजी घेतात. ‘बरंय, चाललंय.’ पुरुषांना विचारावं काय, ‘बरंय’च्या पुढं त्यांची गाडी जात नाही. मग मी काय करायची—चादर काढायची आणि अंदाजानं धड बारीक करायची. कुशीत चीर द्यायची, कडा आत ओढायच्या, वर नवी पट्टी. पुन्हा थोड्या दिवसांनी वाटायचं, एवढी नसेल राहिली आता, की पुन्हा चीर. एकदा हे मागं येऊन उभे राहिले, मला कळलंच नाही. म्हणाले, ‘अगं, किती कापशील तिला?’ आणि आतून चादर आणून त्यांनीच टाकली वर. त्यावर एक विनोद नाही केला. तेव्हा मी घाबरले.

वाळतंय हं, आता टणक लागतंय पाठीला. थोडी कळ काढ.

पुन्हा एकदा गेले होते मी. हे कुणाला माहीत नाही, आमच्या ह्यांनासुद्धा नाही—मार्केटला जाते कापड आणायला, यायला रात्र होईल म्हणून सांगितलं. वर नाही गेले. समोरच्या औषधाच्या दुकानाशी उभी राहिले, आणि ती आली गॅलरीत. कुंडीला पाणी घालत होती. अंगावर काय, तर गाऊन. फुलाफुलांचा, दुकानातला. रेडीमेड! माझ्या बहिणीच्या अंगावर रेडीमेड! मला त्या आजाराचं राहिलं बाजूला, आधी तेच लागलं बघ काळजाला, असं हे माझं मन. इतका ढगळ, की आत एक बाई आहे की दोन, काही पत्ता लागू नये.

बरी दिसत होती का? तेच तर सांगतेय, नाही कळलं. त्या गाऊनातून काही कळत नाही. तेवढ्यासाठीच घेतला असणार तिनं.

आता अगदी हलू नकोस, कात्री घालतेय. थंड लागेल, पण पातं तुझ्याकडं नाही, कागदाकडं आहे. मानेपासून... हं... सोड श्वास. सोड म्हटलं ना. निघ आता मागच्या मागं, हात आधी. बघ, ही तू. डावा खांदा पडलाय तुझा, पिशवी त्याच बाजूला घेतेस वाटतं. असू दे, मी धरीन ते.

आणि ऐक. त्या मशीनवर पिशवी आहे ना, ती नेशील तिकडं, धाकटीला? पत्ता तुझ्या आईला पाठवते. जड नाही, एक झगाच आहे. मऊ सुती, गळ्याला नाडी, कमरेला नाडी, आवळला तर आवळला, सोडला तर सोडला. माप नाही घेतलं. धडावरही नाही चढवला, नुसता जमिनीवर कापड पसरून कापला, एवढ्या वर्षांत असं कधी केलं नव्हतं. दे तिला, आणि तिनं घातलाच तुझ्यासमोर, तर तेवढं बघ, खांद्याशी कसा—

नको. नको बघूस.

काही बघू नकोस आणि मला काही कळवूही नकोस, घातला तरी नको, नाही घातला तरी नको. दारात दे आणि ये. काय सांगायचं म्हणजे? ‘ताईनं दिलंय’ म्हण, आणि तिनं काही विचारायच्या आत जिना उतर.

जा, पाठीची खळ पुसून घे आधी, वाळली की केस ओढते. टॉवेल दाराला आहे. आणि जाताना दार ओढून घे पोरी, वाऱ्यानं आतून ओलं धड कलंडतं. जा.