बोद्कर आणि बोदेल

(फ्यून बेटावरचं गाव. म्हाताऱ्या विलाड्स क्राउचं स्वयंपाकघर, ओव्हनमध्ये केक. कादंबरीकार आस्गर होल्ट हात पुढे करून दारात उभा.)

विलाड्स : हात नको. आमच्या घराण्याच्या हाताला कोणी हात लावत नाही. तूच लिहिलंयस. पान बेचाळीस.

आस्गर : ते सतराशे एक्केचाळीस सालचं होतं, विलाड्सकाका.

विलाड्स : हात वंशपरंपरेने येतात. बस. कॉफी तुझी तू ओतून घे, मी ओतलेली चालायची नाही तुला.

आस्गर : चालेल हो! मी एक सांगायला आलोय.

विलाड्स : नववी आवृत्ती निघतेय, ते वाचलं पेपरात. बेकरीवाल्याने कुऱ्हाडीच्या आकाराची बिस्किटं काढलीत. मला फुकट देतो, जल्लादाचा नातलग म्हणून.

आस्गर : काका, तुमचे येप्पे क्राउ जल्लाद नव्हते.

विलाड्स : म्हणजे?

आस्गर : चर्चच्या जुन्या वहीत त्यांच्या नावापुढे 'बोद्कर' लिहिलंय. पिंपं बनवणारा. मी 'बोदेल' वाचलं. जल्लाद. जुनं वळणदार अक्षर, त्यात शाई पसरलेली...

विलाड्स : म्हणजे शाई पसरली म्हणून आमच्या येप्पेनं अकरा मुंडकी उडवली?

आस्गर : बारा. एक परिशिष्टात आहे.

विलाड्स : पण पुस्तकाच्या पाठीवर तर लिहिलंयस, चार वर्षं संशोधन केलं म्हणून.

आस्गर : केलं ना! कुऱ्हाडीचं वजन काढलं. घाव कसा बसतो ते कळावं म्हणून एकतीस भोपळे फोडले. त्या पहाटे चंद्र किती होता, ते वेधशाळेला पत्र लिहून विचारलं. चंद्र अगदी बरोबर आहे, काका.

विलाड्स : चंद्राच्या घरचे खूश असतील. तुला चूक कधी कळली?

आस्गर : अलीकडेच.

विलाड्स : अलीकडे म्हणजे?

आस्गर : छापायच्या आधी. दप्तरखान्यातल्या बाईंनी भिंग दिलं, म्हणाल्या, परत बघा. बघितलं. 'क' स्वच्छ दिसत होता. मी भिंग परत केलं आणि आभार मानले. पुस्तकातही मानलेत, त्यांचं नाव पहिलं आहे.

विलाड्स : आणि तसंच छापलंस.

आस्गर : दोनशे पानं लिहून झाली होती. पिंपवाल्यावर थरारकथा होत नाही, काका.

विलाड्स : का? पिंपात कोणी बुडत नाही?

आस्गर : ...हे सुचलं नाही.

विलाड्स : आणि ती मारेन राउन? बिचारीचा काही गुन्हा नसताना जिचं मुंडकं सगळ्यात आधी उडतं ती?

आस्गर : मारेन नव्हतीच. आडनाव सुचत नव्हतं, इथल्या एका टपालपेटीवर 'राउन' दिसलं.

विलाड्स : बोडिलची पेटी ती.

आस्गर : असेल.

विलाड्स : असेल काय, आहे! तुझं पुस्तक वाचलं आणि मी चर्चमधलं पुढचं बाक सोडलं. दाराशी बसायला लागलो. मग एका गुरुवारी सफरचंदाचा केक केला, बोडिलकडे गेलो आणि सगळ्या घराण्याच्या वतीने मारेनबद्दल माफी मागितली.

आस्गर : अरे देवा. त्या काय म्हणाल्या?

विलाड्स : म्हणाली, आमच्या घरात मारेनचं नाव कधी निघालं नाही, ते का, हे आज कळलं. आणि रडली.

आस्गर : काका, मला मान वर करवत नाही. नवव्या आवृत्तीत पहिल्याच पानावर कबूल करतो. हे बघा, लिहून आणलंय. 'येप्पे क्राउ पिंपं बनवत. मला हे ठाऊक होतं.' उद्या सकाळी छापखान्यात द्यायचंय. तुम्ही हो म्हणालात की देतो.

विलाड्स : बरं लिहिलंयस. पुस्तकापेक्षा बरं.

आस्गर : बोडिलबाईंनाही मीच सांगतो. आत्ता जातो.

विलाड्स : बस खाली. त्या पहिल्या गुरुवारी तिने माझा हात धरला होता, दोन्ही हातांत. म्हणाली, या हातात काही वाईट नाही. माझी बायको, आमची इंगर, गेली त्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून डॉक्टर सोडला तर कोणी हात धरला नव्हता.

आस्गर : आणि नंतर?

विलाड्स : दर गुरुवारी जातो. केक ठेवला की ती हात धरते. दर वेळी. सांगायला लाज वाटते, पण मी आठवडाभर जल्लादाचा वंशज असतो तो तेवढ्यासाठीच.

आस्गर : मग हे देऊ नको का छापायला?

विलाड्स : दे. येप्पेनं कोणाचं काही वाकडं केलं नव्हतं, ते गावाला कळायला हवं. उद्या दे. मीच सांगेन तिला, उद्या.

आस्गर : मग आता तरी हात द्या, काका.

विलाड्स : उद्या ये. आजचा गुरुवार होऊ दे.