मैदानाच्या मधोमध फुलं

(खाण-वस्तीतल्या फुटबॉल क्लबचं स्वयंपाकघर. मोसमातला इथला शेवटचा सामना थोड्या वेळात सुरू होणार. हायनर सव्वीस वर्षं या क्लबचा प्रशिक्षक. बेर्बेल इथली स्वयंपाकीण.)

हायनर : तेच विचारतोय मी, बादलीतला तो मोठा गुच्छ कुणाचा?

बेर्बेल : क्लब सोडून जाणाऱ्याचा. बाजूला हो, सॉसेजचं पाणी उकळतंय.

हायनर : जाणाऱ्या पोरांचे गुच्छ टेबलावर आहेत. छोटे.

बेर्बेल : मग आणखी कोण जातंय, तूच ओळख. इतकी वर्षं डावपेच आखतोस ना?

हायनर : फोल्कर बोलला असता मला. परवाच माझ्यासोबत बिअर प्यायला.

बेर्बेल : अध्यक्ष असला तरी धंदा खिडक्यांचा आहे त्याचा. गिऱ्हाइकाला कुणी तडा दाखवतं का? मला मात्र बजावून गेलाय, हायनरला कळता कामा नये.

हायनर : माझ्या हाताखाली खेळला हा. पायात चेंडू थांबायचा नाही त्याच्या.

बेर्बेल : आता जीभ थांबत नाही. इथेच उभं राहून भाषण पाठ करत होता. तुला 'जिवंत स्मारक' म्हणणार आहे.

हायनर : म्हणजे कबुतरांची सोय झाली. भित्रा लेकाचा. ऑफिसात बोलावून 'हायनर, पुरे झालं' म्हणायला काय धाड भरली होती? सामना संपला की मैदानाच्या मधोमध, माईकवर, सगळ्या गावासमोर. तिथे माणसाला नाही म्हणता येतं का?

बेर्बेल : नाहीच येत. म्हणून तर तू ही पद्धत काढलीस.

हायनर : मी?

बेर्बेल : नाहीतर काय मी? तुझ्याआधी इथे तोंडावर सांगायचे. तू आलास आणि फुलं सुरू झाली. टोर्बेन आठवतो? डावा बॅक. आईबाप प्रेक्षकांत, बायको पोटुशी. शंभरावा सामना होता ना, त्याला वाटलं सत्कार आहे. हसत हसत पुढे गेला बिचारा, आणि माईकवर कळलं की क्लबने काढलंय.

हायनर : आधी सांगितलं असतं तर धड खेळला नसता.

बेर्बेल : फोल्करही तुझ्याबद्दल अगदी हेच म्हणाला. चांगला तयार केलायस.

हायनर : शिट्टी झाली की मी सरळ घरी जातो. बसू दे त्याला गुच्छ घेऊन.

बेर्बेल : जा की. टोर्बेन नव्हता पळाला. तुझ्याशी हातसुद्धा मिळवला त्याने.

हायनर : नंतर कुठे गेला तो?

बेर्बेल : तुला कसं कळणार? तू पत्रकारांना मुलाखती देत असायचास. इथे आला. सगळेच इथे यायचे. त्या बटाट्यांच्या पोत्यावर बसायचे.

हायनर : काय बोलायचे?

बेर्बेल : मी सूप पुढे ठेवायचे, ते निवून जायचं.

हायनर : आज दार उघडं ठेवशील?

बेर्बेल : ठेवते. आत आलास की कडी लावून घे. सगळे लावायचे.