बोलता येतंय तोवर

नाही, तो कागद आधी खाली ठेव तू आणि माझं ऐक — मशीन चालू राहू दे, मी चालता चालता बोलते, मला जमतं — पाच आठवडे झाले, पाच! सोमवारी चढावर चाळीस मिनिटं, मंगळवारी एक मिनिट जोरात नि दोन मिनिटं हळू, बुधवारी परत चढ, गुरुवारी अमुक, शुक्रवारी तमुक — तुझा तो तक्ता मी दुकानात शिलाई मशीनच्या वर भिंतीला चिकटवलाय, गिऱ्हाइकं विचारतात ताई हे काय, मी म्हणते माझी जन्मठेप. एक दिवस चुकवला नाही. ताप होता त्या दिवशीही आले, आठवतंय ना, तूच परत पाठवलंस. आणि मघाशी काट्यावर काय आलं? एक किलो तीनशे ग्रॅम. अगं, एवढं वजन तर माझ्या दोन कात्र्यांचं भरेल.

कसं काय म्हणून मला काय विचारतेस, मी तुला विचारतेय. तू शिकलेली, तीन सर्टिफिकिटं फ्रेम करून लावलीयस तिथं पाण्याच्या मशीनवर. मी आपली कपडे दुरुस्त करणारी बाई — पँट आखूड कर, कोट सैल कर, चेन बदल — तीस वर्षं लोकांच्या कमरेला टेप लावतेय. त्यामुळे एक मला कळतं, कंबर खोटं बोलत नाही, माणूस बोलतं. टेप लावला की पोट आत ओढून उभे राहतात सगळे, बायका काय नि पुरुष काय, आणि मी म्हणते सोडा, श्वास सोडा, नाहीतर पहिल्याच जेवणाला शिवण उसवेल आणि मग माझ्या नावानं बोंब मारत याल. तर मला फसवायचं काम नाही. तुझा तक्ताच चुकलाय. दुप्पट कर. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा.

गुडघे जातील म्हणतेस — जाऊ देत. गुडघ्यांना काय घेऊन बसलीस? तो सायकलवरचा काका बघ, पेपर वाचत पाय फिरवतोय — छे, नुसता वाचतोय, पाय केव्हाचे थांबलेत — त्याचं नाही उतरलं तर काय बिघडलं? पुढच्या वर्षी उतरवेल. त्या कोपऱ्यातल्या नवरीचं तसंच, लग्नात नाही मावला ड्रेस तर माझ्याकडे येईल, मी दोन बोटं सोडून देईन. माझं तसं नाही ना. माझे तीन आठवडे राहिलेत, आणि साडेचार किलोच्या वर जायचंय अजून, आणि तू मला गुडघे सांगतेस.

कशाला तीन आठवडे म्हणजे? फॉर्मवर कारण विचारलं होतं तुम्ही, मी ‘फिटनेस’ लिहिलं. मग काय लिहू, एवढासा रकाना तुमचा. धाकटी बहीण आहे माझी. आठ वर्षांनी धाकटी, मी पाठीवर घेऊन फिरवलेली. तिचं यकृत गेलंय — दारूबिरू काही नाही हं, लगेच तसं तोंड करू नकोस, सगळे तसंच तोंड करतात — आजारच आहे कसलातरी, शरीरच स्वतःवर उलटतं म्हणे. माझ्यातला तुकडा काढून तिला लावायचा. रक्तगट जुळला, बाकी सगळं जुळलं, आई तर डॉक्टरांच्या पाया पडायला निघाली होती, आणि मग त्यांनी पडद्यावर दाखवलं, माझ्या यकृतावर ही चरबी. म्हणाले, असलं कापलं तर तुम्हीही पडाल नि त्याही. आठ आठवडे घ्या, सहा किलो उतरवा, मग परत तपासू. त्यापुढे थांबायला तिच्याकडे वेळ नाही, असंही म्हणाले, पण ते तिला बाहेर पाठवून.

तेव्हापासून आईचा रोज सातला फोन. किती झालं? बस्स, एवढंच. जेवलीस का नाही, बरी आहेस का नाही, काही नाही. मी आकडा सांगायचा आणि तिनं फोन ठेवायचा. माझा नवरा शेजारी बसून मान हलवतो, हा उंटावरचा शहाणा, म्हणतो तू मनावर घेत नाहीस. मनावर! पोटावर घेतलंय ते दिसत नाही त्याला. आणि मी खाते का काही वेडंवाकडं? मोजून खाते. हे मशीनच सांगतं ना इथं, बघ, आकडा फिरतोय — काल चारशेदहा कॅलरी जळाल्या म्हणालं. मग मी घरी जाऊन तेवढ्याचाच पाव-लोणी खाते, वर दोन बिस्किटं. चारशे जाळल्या, चारशे खाल्ल्या, हिशेब सरळ.

काय बघतेस? हात? हो, धरलाय बार. धरायला नाही तर कशाला दिलाय, टॉवेल वाळत घालायला?

हं. हं… म्हणजे अर्धं अंग मी त्या बारवरच टेकलंय, असं म्हणतेस. आणि मशीनला ते कळत नाही, ते आपलं मी पूर्ण वजनानं चालले असं धरून आकडा फिरवत बसतं. मग ते चारशे? अर्धेसुद्धा नसतील? आणि मी त्याच्या जिवावर रोज पाव… कपाळ माझं. पाच आठवडे. मग तू सांगायचं नाहीस का मला, रोज समोरून जातेस —

नको, राहू दे. उचलू नकोस तो कागद. माहितीय मला काय लिहिलंयस. लाल पेनानं, खाली दोन रेघा मारून — हात सोडून. भिंतीवरच आहे, चेन बसवताना मान वर केली की तेच दिसतं. आणि त्याच्या खाली लिहिलंयस, बोलता येतंय म्हणजे मेहनत कमी पडतेय, सलग वाक्य बोलता येता कामा नये. आणि मी बघ, मघापासून तोंडाचा पट्टा चालवतेय. नुसता आजच नाही, रोज. त्या नवरीच्या सासूपासून सगळं मला माहितीय, ते काय पळता पळता? तूही दमलीस सांगून सांगून, पहिल्या आठवड्यात रोज सांगायचीस, मग सोडून दिलंस. मी म्हणायचे पडेन गं, मशीनची सवय नाही. तीस वर्षं मशीनवर पाय मारतेय आणि म्हणे सवय नाही.

आता विचारलंच आहेस तर… नाही विचारलंस, बरं. तरी सांगते. मागच्या रविवारी काट्यावर उभी राहिले, आकडा हलला नव्हता, शंभर ग्रॅमसुद्धा नाही. आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. सुंठीवाचून खोकला गेला असं वाटलं — मी तर केलं बाई सगळं, जिम केलं, घाम गाळला, आता डॉक्टरच नको म्हणाले तर माझा काय दोष? अख्खं पोट उघडतात, ठाऊक आहे तुला? इथून इथपर्यंत. मी कापडाला कात्री लावायच्या आधी तीनदा मोजते. मला भीती वाटते गं. कोणाला सांगणार? आईला? नवऱ्याला? सगळ्यांनी मला आधीच देवी करून मखरात बसवलंय.

आणि ती आली काल दुकानात. धाकटी. दर पंधरा दिवसांनी येते, तिचे कपडे आत घ्यायला — तिचं न मागता उतरतंय आणि माझं मागून उतरत नाही, बघ कसं असतं. तीच करडी पँट, तिसऱ्यांदा. टेप लावला तर माझ्याच मुठीत मावेल अशी कंबर. मी टाचण्या लावत खाली बसलेय, आणि ही वरून म्हणते, “ताई, तुला नको असेल तर नको. आईला मी सांगीन, डॉक्टरांनीच नाही म्हटलं म्हणून.” तिनं तक्ता वाचला असणार, आणि मला ती ओळखतेच. किंवा बिस्किटांचा पुडा दिसला असेल ड्रॉवरमध्ये. वाईट तोंड नाही केलं, काही नाही, भाजी आण असं सांगावं तसं म्हणाली. मी वर बघितलंच नाही. टाचणी बोटात गेली तरी नाही. म्हटलं उभी राहा नीट, हलू नकोस.

मग पर्स घेतली, निघाली, दारात पोचली आणि वळून म्हणते, “आत घे, पण जास्तीचं कापड कापू नकोस हं ताई. परत सोडावं लागेल.”

सवयीनं म्हणाली गं. तिला कळलंसुद्धा नाही आपण काय बोललो. मला सोडवून गेली आणि स्वतः मात्र… परत जाड व्हायचंय तिला. ती पँट परत सैल करून घ्यायचीय माझ्याकडूनच. रात्रभर राग राग झाला मला, तिचा, तुझा, या मशीनचा, म्हणून आज येऊन तुझ्यावर ओरडले. तुझा तक्ता बरोबर आहे. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

चढ किती आहे आता? तीन? सहा कर. वेग आहे तो राहू दे. ती दोरीची क्लिप लाव इथं, हां, कुडत्याला, पडले तर मशीन थांबेल. सरक थोडी.

हे बघ. सोडले.

आई गं… हे असं… असतं होय. रोज? बाप रे… नाही, नाही धरत. तूही… धरू नकोस मला. हात काढ… मी सांगते ना.

कापड नाही… कापलं मी. आत… दुमडून ठेवलंय. सगळं.

जा तू. त्या काकाचे… पाय बघ. मला आता… बोलता…