गावभर फिरलेल्या बरण्या

अहो नाई भाऊ, नात्यातली नाई मी त्याईच्या — शेजारीण. मंधात हे एवढी भिंत आहे फक्त. नानाजीच्या चुलीवर फोडणी पडली का ठसका मले इकडं लागते, आता ह्याच्याहून जवळचं माणूस तुमाले चौकशीसाठी कुठं भेटन? बरोबर जागी आले तुम्ही. बसा — खुर्चीवर नका बसू, तिचा एक पाय आमच्या ह्यांच्यासोबतच गेला — खाटेवर बसा. लीलाबाई म्हणतेत मले. तुम्ही मुलाचे मामा नं? वाटलंच. बाप असता तं सरळ त्याईच्या घरात जाऊन बसला असता; मामा आधी शेजारी इचारते. चारची वेळ दिली म्हणता त्याईले, अन् दोनच्याच गाडीनं उतरले? वा! म्हणजे तिकडं ते माणसं घड्याळाकडं पाहून राह्यले, अन् तुम्ही इकडं माह्या खाटेवर. हुशार माणूस आहा. पाणी घ्या. काय इचारायचं ते बिनधास्त इचारा, मी काही लपवत नाई — लपवायची सवयच नाई मले, गावात कोणालेही इचारा. नाई, कोणाले नका इचारू, उगाच उशीर होईन.

पोरगी कशी आहे म्हणता — सोनं. आता सोनं म्हटलं का खोटं वाटते, म्हणून मोजून सांगते: बारावी झाली, सैपाक करते, शेतात जाते, सुईदोरा येते, अन् उलटून एक शब्द बोलणार नाई — काहून का ती बोलतच नाई कोणाशी. म्हणजे शांत आहे, असं म्हणून राह्यली मी. कोणाशी म्हणजे सगळ्याशी नाई. तुमच्या पोराशी बोलन, कायले नाई बोलणार? यवतमाळले कचेरीत आहे नं तुमचा भाचा? पक्का पगार? माहीत आहे, आमच्या आख्ख्या गावाले, बोरी अरबाले, माहीत आहे. भाऊ, ह्या दोन-तीन वर्षांत कापसाची जे गत झाली ते तुमाले मी काय सांगू. मांडव पडेनासे झाले गावात. पाव्हण्यांपेक्षा कॅमेरेवाले जास्त उतरतेत बसमधून. माह्यापाशीही आलता एक. म्हणे, मावशी, दुःख सांगा. मी म्हटलं, सांगते बापा, लिही — माह्या सासऱ्याच्या वावरात एक बोंड आलतं, कोहळ्याएवढं, त्या एका बोंडाच्या कापसात आख्खी गादी भरली, अन् त्या गादीवर जे जोडपं झोपे त्याईले जुळेच होत. लिहून घेतलं त्यानं! खरंच लिहून घेतलं! हसले नं तुम्ही? हसा. पण पोरीवाल्यांचं हसू गेलं, भाऊ. शेतीवाल्या पोराले पोरगी कोणी द्यायले तयार नाई, अन् नोकरीवाला पोरगा ह्या गावात उतरत नाई. तुम्ही उतरले. नानाजी, पोरीचा बाप, तीन दिवसांपासून धड जेवला नाई. सकाळीच आलता, हात जोडले त्यानं मले — लीलाबाई, आज एक दिवस तोंडाले कुलूप लाव — गमतीनं, गमतीनं म्हणते तो. चहा टाकू का?

काय पाहून राह्यले? ते होय — शोकेस. आमच्या ह्यांनी बनवून घेतलं होतं, सागवानी आहे. नाई, त्या बरण्यात काही नाई. लोणचं नाई, काही नाई, रिकाम्या आहेत. साध्या काचेच्या चार बरण्या. रिकाम्या बरण्या कोणी शोकेसात ठेवते का, म्हणता? ठेवते एखादी येडी. सोडा ते. तुम्ही पोरीचं इचारा — आता असे टकमक पाहून राह्यले तं सांगाच लागन, नाई तं तिकडं जाऊन म्हणान का शेजारच्या बाईचं डोस्कं फिरलं आहे. त्या बरण्या सुरभीच्या. तुमाले त्याईनं सांगितलं असन नं, पोरीच्या हातात कला आहे म्हणून? तेच ते. आमचे हे दवाखान्यात कंपाउंडर होते, तं सलाईनच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या, औषधाच्या रुंद तोंडाच्या बरण्या, असं घरी पडून राहे. हे गेल्यावर मी भंगारवाल्याले देत होती तं ही सोळा वर्षांची पोट्टी भिंतीवरून वाकून म्हणे, काकू, मले दे. नेल्या. मैद्याची खळ शिजवली, बुडापासून सुतळी गुंडाळत आली, एकाले एक चिकटून, सुई जाणार नाई मंधातून. त्याच्यावर — हे आयका — वेचणी झाल्यावर पऱ्हाटीले ते वाळलेलं टरफल राह्यते नं बोंडाचं, चार पाकळ्यांचं, टोकदार, हाताले बोचते ते? कापूस निघाला का त्याले कोण पाह्यते? चुलीतच जाते. तिनं ते चिकटवले. चार चार पाकळ्यांची फुलं. कोणाले रुपेरी रंग, कोणाले काहीच नाई, तसंच तपकिरी. मंधात फुटक्या बांगड्यांचे हिरवे तुकडे. अहो, शोकेसात ठेवली तं मधमाशी आलती तिच्यावर बसाले! — बरं, मधमाशी नाई आलती. माशी आलती. पण बसली होती.

त्याईच्या घरी शोकेस नाई, अन् बकरी एक, सुतळी खायची, म्हणून माह्या इथं ठेवायची पोरगी. अन् मी — आता कसं सांगू — मी जरा मदत केली गावाले. तुमाले माहीत आहे नं, पोरगी पाहाले आले का लोक आधी भिंतीकडं पाह्यतेत. हे कोणी केलं, ते कोणी केलं. अन् आई म्हणते, आमच्या पोरीनंच. लोकरीचा कुत्रा, मोत्याचा मासा — अर्धे कुत्रे बाजारातून आणलेले राह्यतेत, सगळ्याईले माहीत राह्यते. तं गल्लीतल्या मितालीले पाहाले आले, त्याईची भिंत उघडीबोडकी, मी म्हटलं थांबा, अन् दोन बरण्या पदराखाली घेऊन गेली. झालं! पोट्टीचं जमलं. मंग काय — चारी बरण्या फिरल्या, भाऊ. पाच घरं. पाचही घरी मीही सोबत, कुठं मावशी, कुठं काकू, कुठं शाळेतली बाई. एका ठिकाणी सांगितलं का ह्या पोरीले नागपूरच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस भेटलं. एका ठिकाणी म्हटलं का इंग्लंडची मडम आलती, हे बरणी पाहून तिच्या डोयातून पाणी आलं, म्हणे मले शिकव. तीन पोरी उजवल्या त्या बरण्यांवर! काम झालं का परत आणून शोकेसात, जशाच्या तशा. सुरभीले काय सांगायचं? एखादी जागेवर नसली तं म्हणायची मी, पुसाले काढली.

काय म्हणता? सुरभीचं का नाई जमलं मंग त्याच बरण्यांवर? — जमतच होतं. राजूरचा पोरगा, कोळसा खाणीत, पर्मनंट. माय आलती त्याची, ठसठशीत कुंकू, हातभर बांगड्या. नानाजीनं मले म्हटलं, लीलाबाई, त्या बरण्या आण पोरीच्या. आणल्या. पहिल्यांदा त्या बरण्या आपल्या मालकिणीच्या घरात गेल्या पाव्हण्यांसमोर. मी चहा देऊन राह्यली होती, अन् ते बाई बरणी उचलून फिरवते, बुड पाह्यते, गळ्यापाशी एक टवका उडाला होता, त्याच्यावर सुरभीनं बांगडीचा तुकडा लावला होता, त्याच्यावर बोट फिरवते. अन् म्हणते, हे तं आम्ही दारव्ह्याले पाह्यली. दारव्ह्याले माही बहीण आहे, सत्यभामा, तिच्या गुंजनले पाहाले दोन महिन्याआधी राजूरचेच लोक आलते, पत्रिका जुळली नाई म्हणून राह्यलं होतं. हेच ते, मले काय माहीत! तिथं मी बरण्याच सांभाळून राह्यली होती, तोंडं कोण ध्यानात ठेवते? त्या बाईनं मान वर केली, माह्याकडं पाह्यलं. म्हणे, अन् तुम्हीही होत्या नं तिथं? तिथं तुम्ही पोरीची मावशी होत्या. इथं कोण आहा?

जिनगानीत एकदा खरं बोलली मी. म्हटलं, बाई, तिथं खोटं बोलली, देवाशप्पथ ह्याच पोरीनं केल्या आहेत. तं ते हसली. म्हणे, देवाची शप्पथ तुम्ही तिथंही घेतलती. घेतलती! नानाजीचं तोंड हे एवढं झालं. म्हणे, सुरभी, आण बेटा तुह्यं सामान, करून दाखव ह्याईच्या समोर. सामान घरातच होतं, खळ शिजवायले किती वेळ लागते, एक टरफल बसवलं असतं तिनं तं त्या बाईचे डोये उघडले असते, तिचा हात पाहूनच समजते. पण पोट्टी जागची हलली नाई. ती त्या बाईकडं पाह्यतच नव्हती, भाऊ. माह्याकडं पाहून राह्यली होती. म्हणे, काकू, तू नेल्या होत्या दारव्ह्याले? एवढंच. मी म्हटलं, अवं, एक दिवसासाठी. म्हणे, अजून कुठं? अन् मी — मले वाटलं आता खरं सांगायचं सुरू केलंच आहे तं — पाचही घरं सांगितले. त्या राजूरवालीसमोर. मोजून.

गेले ते. जाणारच. सुरभी रडली नाई, रडली असती तं मी समजावलं असतं, रडणाऱ्या माणसाले समजावता येते मले. तिनं घंगाळात कढत पाणी काढलं अन् चारही बरण्या त्यात बुडवल्या. खळ सुटली. सुतळी आपोआप वर आली. टरफलं तरंगून राह्यली होती पाण्यावर, अन् बांगड्यांचे तुकडे खाली बसले. मी भिंतीपाशी उभी राहून पाह्यलं सगळं. म्हटलं, अवं नको, अवं पोरी नको — काय आयकते! राखेनं घासल्या. काच अशी चकचकीत केली का हात आरपार दिसे. मंग स्वतः आली घरात, शोकेस उघडलं, चारही जागच्या जागी ठेवल्या, काच लावली. अन् म्हणे, आता दे, काकू, कोणाले द्यायच्या त्याले. हे शेवटचं बोलली ती माह्याशी. दोन वर्षं झाले. तेव्हापासून सुतळीले हात नाई लावला तिनं. वेचणीले जाते, टरफलं तिच्या ओढणीले अटकून घरी येतेत, ती झटकून टाकते. मी पाह्यते इकडून.

काय? पहिलंच स्थळ? कोण म्हणे — नानाजी म्हणे? ह्याच्या आधी कोणी पाह्यलं नाई पोरीले, असं लिहिलं त्यानं तुमाले?

अरे बापा.

बसा नं, उठले काहून? चहा उतू चालला पाहा — बसा, आयका माह्यं. ते राजूरचं नं, ते सुरभीचं नव्हतंच. ते दुसऱ्या पोरीचं, मी मिसळून टाकलं. मले सवय आहे, भाऊ, गावात कोणालेही इचारा, लीलाबाई एक नंबरची खोटारडी आहे, तिचं एक अक्षर खरं धरायचं नाई, लहान लेकरूही सांगन. मंग हेही खोटंच धरा नं! बोंडाची गादी खोटी, मडम खोटी, राजूर खोटं, कोणी आलं नाई, कोणी गेलं नाई, नानाजी खरा. — नाई नाई, बरण्यांचं खोटं नका धरू! बरण्या तिनंच केल्या. तेवढं खरं. ते टरफलं, ते सुतळी, ते तिच्या हातचं होतं सगळं — आता ते कशावरून, तुम्ही म्हणान. तुमाले दाखवायले माह्यापाशी काय आहे? हे काच आहे. पाहा, हातात घेऊन पाहा, काही राह्यलं आहे का चिकटून — एखादा धागा —

नाई घ्यायची? बरं.

एक आयका फक्त. पिशवी घ्या आपली, मी अडवत नाई. पण समोरच्या दारानं नका जाऊ, भाऊ, त्याईच्या ओट्यावरून वाट आहे ते. पोरगी नवी साडी नेसून बसली असन, अन् तुम्ही न थांबता पुढं गेलेले दिसान तिले. हे इकडून, न्हाणीच्या मागून या, बोळ आहे, सरळ बसथांब्यावर निघते. मी सांगते त्याईले चार वाजता, का गाडीच आली नाई. माह्यावर ते इश्वास ठेवणार नाईत. पण जा तुम्ही. जा लवकर.