बंद पडलेला सरकता जिना

हसू नका, पण ‘सोनचाफा स्टोअर्स’ आठवतं का? पालघरच्या दुकानाचा आता लग्नाचा हॉल झालाय आणि बोईसरच्या दुकानाचा डोळ्यांचा दवाखाना. बोईसरला सरकता जिना होता. मासे विकणारी माझी आत्या त्याला नमस्कार करून, चपला हातात घेऊनच चढायची.

परवा तिला डोळे दाखवायला तिथंच नेलं. जिना कधीचा ठप्प आहे, तरी आत्यानं पायथ्याशी चपला काढल्याच. वॉचमन म्हणाला, “माताजी, पहन के जाओ, ये तो कब का बंद है.”

आत्या भडकली. “चालत होता तवा पाया पडून चढायचो आमी. आता मेला म्हणून काय चपलेनं तुडवू?”

वॉचमननं बूट काढले आणि आम्हाला वर सोडायला आला.